धम्मयात्रेला नेमकं कोणत्या महिन्यात निघावं? (कोल्हापूरहून, वयस्कर मंडळी बरोबर)

पंचगंगाकाठ

सर्वांना सविनय जय भीम.

आमच्या विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू आहे. पावसानं कितीही झोडपलं तरी आज्ज्या आणि मावश्या छत्र्या घेऊन वेळेवर हजर असतात. मागच्या आठवड्यात वाचन संपल्यावर त्यांनीच विषय काढला. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर ही नावं जन्मभर ऐकत आलो, आता हातपाय चालतायत तोवर एकदा घेऊन चला म्हणाल्या. वीसेक जण तयार आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे. दोघींचे गुडघे दुखतात, एका काकांना दमा आहे.

जायचं सगळ्यांनाच आहे, पण कधी जायचं यावर तीन तट पडलेत. एक म्हणतात वैशाख पौर्णिमेलाच, नाहीतर कशाला जायचं. दुसरे म्हणतात दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे पोरं-नातवंडंही येतील. तिसरे शेतकरी, त्यांचं म्हणणं ऊस गेल्याशिवाय घर सोडता येत नाही. ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारलं तर 'ऑक्टोबर ते मार्च कधीही चला' एवढंच सांगतात. सहा महिन्यांचा मोघम आकडा घेऊन काय करायचं? जाऊन आलेल्यांनी महिना-पंधरवड्याच्या हिशेबानं सांगावं, ही विनंती.

ठिकाणं: सारनाथ, बुद्धगया, राजगीर-नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी. जमलं तर श्रावस्ती.

इचल_पेठ

जय भीम ताई. मी पहिल्या तटातला.

बुद्धपौर्णिमा म्हणजे जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण, तिन्ही एकाच तिथीला. त्या दिवशी बोधिवृक्षाखाली असणं आणि इतर दिवशी असणं यात फरक आहे. माझी आई आता पंच्याहत्तरीची आहे. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्हाला शिकवलं, स्वतःसाठी काही मागितलं नाही. आता हे एकच मागणं आहे, वैशाख पौर्णिमेला बुद्धगया. ऊन लागेल म्हणून ते नाकारायचं माझ्या जिवावर येतं.

रुळांवरून

इचलदादा, आईंची इच्छा मोठीच आहे. पण आधी तिथली परिस्थिती सांगतो, मग तुम्ही ठरवा. रेल्वेतल्या नोकरीमुळं त्या पट्ट्यात माझं बरंच जाणं झालं.

गया हे बिहारमधल्या सगळ्यात जास्त तापणाऱ्या शहरांपैकी एक. मे-जूनला पारा 44-45 अंशांवर जातो. आपल्याकडं एप्रिल तापला तरी संध्याकाळी वळीव येऊन जातो, रात्री पंचगंगेकडून वारा सुटतो. तिकडं दुपारभर लू, म्हणजे भाजणारा वारा, वाहते आणि रात्रीसुद्धा खोलीच्या भिंती गरम लागतात. महाबोधी महाविहाराच्या आवारात अनवाणी चालायचं असतं. सकाळी नऊनंतर उघड्यावरच्या फरशीवर पाय टेकवत नाही. माणसं सावलीच्या पट्ट्यापट्ट्यानं, जाजम अंथरलं असेल तिथून पुढं सरकत असतात. वीस पावलांसाठी म्हाताऱ्या माणसाला हात धरून पळवावं लागतं. महाविहार पहाटे पाचला उघडतो, तेव्हा गेलं तर बरं असतं. पण पौर्णिमेला त्या वेळीही रांग असते.

आणखी एक. वैशाख पौर्णिमा दर वर्षी सरकते. 2025 ला ती 12 मे रोजी होती, 2026 ला 1 मे रोजी. कितीही अलीकडं आली तरी उन्हाळ्यातून सुटका नाही.

आता गाड्यांचं. आपल्या कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आहे. आठवड्यातून एकदाच सुटते, मिरज, पंढरपूर, नागपूर करत गयेला जाते. म्हाताऱ्या माणसांना पुण्या-मुंबईला गाडी बदलायला लावण्यापेक्षा ही एकच गाडी बरी. दोन रात्री गाडीत काढायची तयारी मात्र हवी. मे महिन्यात बिहारकडं जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना लग्नसराई आणि सुट्टीची गर्दी असते. स्लीपरच्या डब्यात आरक्षण असूनही उठून स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नाही, इतकी माणसं वाटेत बसलेली असतात.

डॉक्टर_ताई_राजारामपुरी

रुळांवरून यांनी उन्हाचं सांगितलं, मी औषधांचं सांगते. साठीपुढच्या बऱ्याच जणांना बीपीच्या गोळ्या सुरू असतात आणि त्यातल्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशा माणसाला 44 अंशांत दोन-तीन तास उभं केलं, त्यात प्रवासात 'सारखं जावं लागतं' म्हणून ती पाणीच कमी पितात, की चक्कर, पडणं आणि सलाईन हे ठरलेलं. आपल्या बायका प्रवासात पाणी टाळतात, हे मी रोज बघते. वयाप्रमाणं तहानही कमी लागते, त्यामुळं धोका कळतच नाही.

दम्याच्या काकांसाठी मात्र उन्हाळ्याइतकाच डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी वाईट. गंगेच्या खोऱ्यात त्या दिवसांत धूर, धूळ आणि धुकं जमिनीलगत साचून राहतं. पहाटेच्या वंदनेला त्या हवेत चालत जाणं त्यांना झेपणार नाही. इन्हेलर बॅगेत नको, खिशात हवा.

गटातलं सगळ्यात नाजूक माणूस कोण, ते आधी ठरवा आणि महिना त्याच्याकडं बघून निवडा. बाकीचे कोणत्याही दिवसांत निभावून नेतील.

भोगावती_खोरं

जय भीम मंडळी. ताईंनी लिवलेला तिसरा तट आमचाच.

आमचं गणित असं हाय बगा. ऑक्टोबरात सोयाबीन आणि भाताची कापणी-मळणी. तिथनं पुढं कारखाने पेटत्यात. एकदा हंगाम सुरू झाला की चिटबॉयचा (तोडीची पाळी सांगणारा कारखान्याचा माणूस) फोन कधी येईल याचा भरवसा नाही. टोळी बांधावर आली आणि मालक गावात नसला तर तोड दुसऱ्याच्या रानात जातीय, मग पुन्हा महिनाभर वाट बघायची आणि उसाचं वजन घटतंय ते वेगळंच. त्यामुळं नोव्हेंबर-डिसेंबरात पंधरा दिवस घर सोडा म्हणणं आम्हाला परवडत नाही. आडसाली ऊस जानेवारीपतोर जातोय. फेब्रुवारीत मोकळा श्वास मिळतोय. पुढं मार्चपासून पाण्याच्या पाळ्या वाढत्यात.

शेतकऱ्याला न्यायचं असंल तर फेब्रुवारी. माझ्या वडलांनी ही यात्रा करायची म्हणून आयुष्य काढलं, दरसाल ऊस आडवा यायचा. ते गेले. म्हणून एवढं लांबलचक लिवलं.

शाळामास्तरीण

दिवाळीच्या सुट्टीचा पर्याय मीच घरी मांडला होता, कारण मुलांनी हे सगळं लहान वयात बघावं असं मनापासून वाटतं. नालंदाचे अवशेष पुस्तकात बघणं वेगळं आणि त्या विटांच्या खोल्यांच्या रांगेतून चालणं वेगळं. पण दिवाळीत बिहारची तिकिटं बघायला गेले तर सगळं वेटिंग. छठ पूजेमुळं असं होतं का? की तेवढ्याच गाड्या भरलेल्या होत्या?

रुळांवरून

छठमुळंच. कार्तिक शुद्ध षष्ठीला छठ असते, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर साधारण आठवड्यानं. महाराष्ट्र-गुजरातेत कामाला असलेला प्रत्येक बिहारी माणूस त्यासाठी घरी जायला निघतो. दिवाळीच्या आधीपासून छठपर्यंत जाणाऱ्या गाड्या भरलेल्या, छठनंतर आठ-दहा दिवस परतीच्या. सणासाठी जादा गाड्या सोडतात, त्याही पुरत नाहीत. म्हातारी माणसं घेऊन त्या गर्दीत शिरू नका. होळीच्या आधीही हेच होतं.

आणि भाद्रपदाच्या पितृपक्षात गयेला पिंडदानाचा मेळा असतो. देशभरातून लोक येतात. त्या पंधरवड्यात गया स्टेशन आणि गावातली राहायची सोय दोन्हींवर ताण येतो. तुमच्या डोक्यात सप्टेंबर नाहीच, तरी सांगून ठेवतो.

हिरवा_आगाशिव

मी थोडं वेगळं मत मांडतो. पावसाळा का नको? श्रावण-भाद्रपदात बुद्धगयेत परदेशी गट नसतात, खोल्या स्वस्त मिळतात, निरंजना नदीला पाणी असतं. एरवी ती नुसती वाळू दिसते. राजगीरचे डोंगर हिरवेगार. मला स्वतःला गर्दीपेक्षा पावसात भिजलेला तिथला गृध्रकूट डोंगर जास्त आवडला.

जुना_उपासक

आगाशिवदादा, तुम्ही तरुण आहात, एकटे जाऊन आला असाल तर छानच. पण वीस वृद्धांना नेताना माझा पावसाळ्याला विरोध आहे आणि त्याचं एक कारण धम्मातच आहे.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात चारिका, म्हणजे पायी फिरणं, थांबवायला सांगितली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचं, पायाखाली कोवळी रोपं आणि बारीक जीव तुडवायचे नाहीत. स्वतः तथागतांनी त्यांचे वीसहून अधिक वर्षावास श्रावस्तीत काढले असं परंपरा सांगते. उरलेले महिने ते चालत होते, गंगेच्या दोन्ही बाजूंनी, याच राजगीर-वैशाली-कुशीनगरच्या वाटांवर. आश्विन पौर्णिमेला पवारणा, म्हणजे वर्षावासाची सांगता होते, मग कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिन चीवरदान (भिक्खूंना वस्त्रदान), आणि भिक्खू पुन्हा वाटेला लागतात. प्रवासाचे दिवस कोणते, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरवलेलं आहे.

आजही कारण बदललेलं नाही. श्रावस्ती राप्तीच्या काठी, कुशीनगरचा पट्टा गंडकीच्या जवळ. पूर म्हणजे काय, ते आपल्याला 2019 आणि 2021 नंतर कुणी सांगायला नको. शिवाय जुलै-ऑगस्टला शिरोळ-करवीरमधला माणूस पंचगंगेची पातळी बघत बसलेला असतो, त्याचं मन यात्रेत लागणार कसं?

पावसाळ्यात यात्रा करायचीच असेल तर आपल्या दारातली करावी. जोतिबाजवळची पोहाळे लेणी आहेत, कराडजवळ आगाशिवची लेणी आहेत. किती कोल्हापूरकरांनी ती बघितलीत? विहारातल्या मंडळींना वर्षावासातच एखाद्या रविवारी, पावसानं उघडीप दिली की घेऊन जा. कोण किती चालतं, कुणाला पायऱ्या चढताना दम लागतो, कुणाला दर तासाला थांबावं लागतं, हे तिथंच कळेल. पुढं राजगीरला गृध्रकूटावर कुणाला न्यायचं, ते ठरवायला उपयोग होईल.

पंचगंगाकाठ

हे फार पटलं. पोहाळेला जायचं लगेच ठरवते.

उन्हाळा, पावसाळा, दिवाळी-छठ बाद झाले. राहतो कार्तिक पौर्णिमेनंतरचा काळ. तो कसा?

सारनाथ_कार्तिक

कार्तिक पौर्णिमेला स्वतः सारनाथला जाऊन आलोय. मूलगंधकुटी विहार 1931 सालचा आहे, अनागारिक धर्मपालांच्या महाबोधी सोसायटीनं बांधलेला. तिथल्या पवित्र अस्थिधातूंचं दर्शन कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास खुलं करतात. श्रीलंकेचे उपासक पांढऱ्या कपड्यांत शांतपणे रांगेत असतात. माझ्या पुढं एक वृद्ध सिंहली बाई होत्या. कमळाची कळी हातात धरून, एकेक पाकळी बाहेरच्या बाजूला दुमडत होत्या. रांग हलली की थांबायच्या, पुन्हा दुमडायच्या. दारापाशी पोचेपर्यंत पूर्ण कमळ उमललेलं होतं.

पण त्याच दिवशी वाराणसीत देवदिवाळी असते. घाटांवर दिवे बघायला लाखो माणसं येतात. हॉटेलचे दर त्या दोन-तीन दिवसांत चढतात आणि रिक्षा-गाड्या अडकून पडतात. राहायचं तर सारनाथलाच राहा, वाराणसी शहरात नको. आणि सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. अशोकस्तंभाचं चार सिंहांचं शीर्ष तिथंच आहे, आपली राजमुद्रा ज्यावरून घेतली ते. ते बघितल्याशिवाय परत येऊ नका.

रुळांवरून

कार्तिक पौर्णिमेनंतरचा काळ हवेच्या दृष्टीनं उत्तम. पण किती दिवस मिळतात, ते त्या वर्षाच्या पंचांगावर आहे. 2025 ला कार्तिक पौर्णिमा 5 नोव्हेंबरला आली, म्हणजे धुकं पडायच्या आधी महिना-सव्वा महिना हातात होता. 2026 ला अधिक ज्येष्ठामुळं सगळे सण पुढं गेलेत: लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर, छठ 15 ला, कार्तिक पौर्णिमा 24 ला. छठची परतीची गर्दी ओसरेपर्यंत नोव्हेंबर संपतो. दाट धुकं साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतं. म्हणजे या वर्षी जेमतेम दोन-अडीच आठवडे.

धुक्याचं गांभीर्य आपल्याकडच्या माणसाला कळत नाही. आपण पन्हाळ्यावरचं धुकं बघतो, उन्हं आली की विरतं. तिकडं दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. गाडी सहा-आठ तास उशिरा धावणं ही रोजची गोष्ट. काही गाड्या रेल्वे त्या हंगामापुरत्या आधीच रद्द करते. सकाळी पोचणारी गाडी रात्री पोचली, की पुढची बस आणि खोली सगळं कोलमडतं आणि म्हातारी माणसं फलाटावर कुडकुडत बसतात. रस्त्यानं गेलात तर पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. 20 डिसेंबर ते जानेवारीअखेर हा काळ मी तुमच्या गटासाठी पूर्ण वगळीन.

डिसेंबरवाला

डिसेंबर एवढा मोडीत काढू नका. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बुद्धगयेत आंतरराष्ट्रीय त्रिपिटक पठण होतं. थायलंड, म्यानमार, श्रीलंका, कंबोडिया, व्हिएतनाम, आपला भारत, प्रत्येक देशाचा मंडप वेगळा आणि चालही वेगळी. पाली तीच. 'बुद्धं सरणं गच्छामि' आपण बिंदू चौकात म्हणतो, तेच शब्द दहा देशांच्या गळ्यातून ऐकताना अंगावर काटा येतो. मला तर तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आपण जगभर पसरलेल्या एका मोठ्या घरातले आहोत. वाड्यावस्तीत वाढलेल्या माणसाला याची किंमत फार मोठी असते.

पुढं तिबेटी मोनलम, म्हणजे प्रार्थनेचा मेळा असतो, हजारो लाल चीवरांनी आवार भरून जातं. थंडी आहे, खोल्या महाग आहेत, मान्य. पण ते दृश्य दुसऱ्या कुठल्या महिन्यात नाही.

शिरोळची_लेक

डिसेंबरवाला दादा, तुमचं सगळं खरं, पण 6 डिसेंबर आहे ना. आमच्या घरातून चैत्यभूमीला कुणी गेलं नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. महापरिनिर्वाण दिनी दादरला नसणं माझ्या आजीला चालणारच नाही. मग 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. त्याच्या आधी दसऱ्याला किंवा 14 ऑक्टोबरला नागपूर. आपल्या माणसांचं वर्ष या तारखांवर चालतं. ट्रॅव्हल्सच्या पत्रकात 'उत्तम हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी' लिहिलेलं असतं, ते परदेशी पाहुण्यांसाठी ठीक. कोल्हापूरच्या बौद्ध कुटुंबाला त्या चार महिन्यांत आधीच चार ठिकाणी जायचं असतं, आणि पैशाची जुळणीही त्यातच करायची असते.

हे लिहिताना आठवलं, बाबासाहेब स्वतः नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना सारनाथला गेले. प्रकृती पार ढासळली होती तेव्हा. पुढं काही दिवसांतच महापरिनिर्वाण झालं.

जुना_उपासक

लेकी, बरोबर बोललीस.

आता मी माझा पर्याय मांडतो. माघ पौर्णिमा.

आपल्याकडं वैशाख आणि आषाढ पौर्णिमा जोरात होतात, माघ पौर्णिमेला विहारात वंदना होते आणि लोक घरी जातात. पण परंपरेनुसार दोन मोठ्या घटना या तिथीच्या आहेत. राजगीरच्या वेणुवनात साडेबाराशे अर्हत भिक्खू कुणी न बोलावता एकत्र आले आणि तथागतांनी त्यांना उपदेश केला, ती माघ पौर्णिमा. थायलंडमध्ये हा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा असतो. आणि वैशालीच्या चापाल चैत्यापाशी 'तीन महिन्यांनी तथागताचं परिनिर्वाण होईल' असं आनंदाला सांगितलं, तीही माघ पौर्णिमा. तिथून मोजलं की तीन महिन्यांनी वैशाख पौर्णिमा येते, कुशीनगरला.

तुमच्या यादीत राजगीर आहे, वैशाली आहे, कुशीनगर आहे. माघात गेलात तर त्याच क्रमानं, त्याच दिवसांत जाल. इचलच्या आईंना तिथीचं महत्त्व वाटतं, ते रास्तच आहे. तिथीच हवी असेल तर ही तिथी आहे आणि हवा सोसवणारी आहे.

हवेबद्दल सांगायचं तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून धुकं कमी होतं. सकाळी स्वेटर, दुपारी कोवळं ऊन. फाल्गुन-चैत्राकडं पिंपळाची पानगळ सुरू होते. बोधिवृक्षाचं पान गळून पडलं की आजूबाजूचे दहा हात पुढं येतात. झाडाचं पान तोडायचं नसतं, पडलेलंच घ्यायचं. मार्चच्या मध्यानंतर पुन्हा तापायला लागतं.

रुळांवरून

फेब्रुवारीला माझाही पाठिंबा. एकच सावधगिरी. प्रयागराजला माघ मेळा असतो आणि माघ पौर्णिमा हा तिथला स्नानाचा दिवस. आपली गाडी त्याच बाजूनं जाते. त्यामुळं पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचायचा बेत करू नका, गयेला चार-पाच दिवस आधीच उतरा.

क्रमाचंही बघा. फेब्रुवारीत तराईच्या भागात, म्हणजे लुंबिनी-श्रावस्तीकडं, थंडी थोडी जास्त रेंगाळते. म्हणून दक्षिणेकडून सुरू करून उत्तरेकडं जा: गया, बुद्धगया, राजगीर-नालंदा, पाटणा, वैशाली, कुशीनगर, गोरखपूर, सोनौलीवरून लुंबिनी, शेवटी सारनाथ. नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी उलट करावं, उत्तरेची ठिकाणं थंडी वाढायच्या आत उरकावीत. श्रावस्ती या गटाला जास्त होईल. लुंबिनीहून तिकडं जायला दिवसभराचा रस्ता आहे. ती पुढच्या खेपेला.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे डिसेंबरात, बरोबर सकाळी आठला. गट मोठा आहे, दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या फोनवरून बसा.

डॉक्टर_ताई_राजारामपुरी

फेब्रुवारी चांगला. कोल्हापूरची माणसं थंडी हलक्यात घेतात म्हणून सांगते: प्रत्येकाला कानटोपी, थर्मल आणि जाड मोज्यांचे दोन जोड. महाविहारात चप्पल चालत नाही, मोजे चालतात. पहाटेची फरशी थंडगार असते आणि गुडघेदुखीवाल्यांना तीच बाधते. धर्मशाळेत हीटर मिळेलच असं नाही. गरम पाण्याची पिशवी फार उपयोगी पडते.

राजगीरला विश्वशांती स्तूपापर्यंत रोपवे आहे, गुडघेवाल्यांना तिथं नक्की न्या. गृध्रकूटाला मात्र पायी चढावं लागतं. पोहाळेला ज्यांना त्रास होईल, त्यांनी राजगीरला वेणुवनात बसावं. सपाट आहे, बांबूची सावली आहे, तळं आहे.

शाळामास्तरीण

फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा, मला येता येणार नाही आणि मुलंही नाहीत. वाईट वाटतंय. पण आज्ज्यांना मे महिन्यात नेण्यापेक्षा हेच बरोबर. मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा-वेरूळ करू. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, एवढं बघून.

इचल_पेठ

आईशी बोललो. दोन दिवस विषय टाळत होतो, काल जेवताना सगळं सांगितलं. मे महिन्यातली फरशी, रांगा आणि जुना उपासक काकांनी लिहिलेली माघ पौर्णिमेची गोष्ट. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तवा झाडाखाली बसाय मिळंल का? का नुसतं लांबनं हात जोडून म्होरं ढकलत्यात?"

मी म्हणालो, पौर्णिमा सोडून इतर दिवशी निवांत बसता येईल बहुतेक.

ती म्हणाली, "मग मला बसायचं हाय. पौर्णिमा म्होरल्या गावात करू."

म्हणजे बुद्धगयेत पौर्णिमेच्या आधीचे दिवस आणि पौर्णिमा राजगीरला, वेणुवनात. चालेल का ताई? आमची दोन नावं धरा.

पंचगंगाकाठ

दादा, आईंना माझा जय भीम सांगा. काल विहारात त्यांचं बोलणं वाचून दाखवलं, सगळ्यांना तेच पटलं. बुद्धगयेत तीन मुक्काम करायचे, पहाटे आणि संध्याकाळी नुसतं बसायचं, फिरायला दुपार ठेवायची. एका दिवसात चार ठिकाणं दाखवणारा बेत आम्ही रद्द केलाय.

तर ठरलं: फेब्रुवारी, माघ पौर्णिमेला राजगीर. मोबाईल महाविहारात नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो, हे सगळ्यांना आधीच सांगितलंय, म्हणजे तिथं कुणाची चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते ठरवून ठेवता येईल.

कागदपत्रांचं कुणी नीट सांगेल का? नेपाळला आधार चालतं का?

सारनाथ_कार्तिक

मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, यातलं एक प्रत्येकानं बरोबर घ्यावं. व्हिसा लागत नाही. नुसत्या आधारच्या भरवशावर सोनौलीला जाऊ नका. आज्ज्यांच्या मतदार कार्डावरची नावं आणि तिकिटावरची नावं आत्ताच ताडून बघा, माहेरचं-सासरचं नाव वेगळं असतं. भारतातली गाडी नेपाळात नेणार असाल तर सीमेवर भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) भरून परवाना घ्यावा लागतो, त्यात तास-दोन तास जातात. सकाळी लवकर पोचा. तिथून लुंबिनी तासाभराच्या अंतरावर आहे.

भोगावती_खोरं

माझी दोन नावं लिवा. मी आणि मंडळी. खोडव्याचं (तोडीनंतर फुटणाऱ्या उसाचं) काय असंल ते भाऊ बगंल म्हणालाय.

निपाणी_वेस

नमस्कार, धागा आज वाचला. आम्ही सीमेपलीकडचे, पण मराठीच. आई, आत्या आणि मी, तिघं येऊ शकतो का? कोल्हापूरला येऊन गाडी धरायची की मिरजेला?

पंचगंगाकाठ

या की, जागा आहे. आज्ज्यांना चढायला कोल्हापूरच बरं, गाडी इथूनच सुटते, सामान लावायला वेळ मिळतो. तिघांची मतदार कार्डावरची नावं आणि वयं मला निरोपात पाठवा. आईंना किंवा आत्यांना खालचा बर्थ लागत असेल तर तेही लिहा. आणि येत्या रविवारी पोहाळेला येणार असाल तर सकाळी आठला बिंदू चौकात या.